मशीनच्या तोंडाला फेस

घरातली मशिनं: वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

या वेळी पत्रं उघडून बघतो तर निम्म्याच्या वर लोकांनी एकच विचारलंय, धुण्याच्या मशीनला साबण कोणता घालायचा. दिवाळीच्या ऑफरमध्ये लोकांनी समोरून दार असलेली फ्रंट लोड उचलली, दुकानदारानं सोबत एक बाटली फुकट दिली, ती संपली आणि प्रश्न सुरू झाले. म्हणून हा अंक सगळा साबणाला दिला. फ्रीजवाले आणि मिक्सरवाले, जरा दम धरा.

लातूरहून एक ताई लिहितात: दादा, जुनी सेमी ऑटोमॅटिक देऊन फ्रंट लोड घेतली, सात किलोची. घरात आधीची पाच किलोची पावडर पडून होती, म्हणलं वाया कशाला घालवायची, सेमीत टाकायचे तसे दोन मोठे चमचे यातही टाकले. तर पहिल्याच दिवशी साबणाच्या कप्प्यातून फेस बाहेर, पार फरशीवर, सासूबाई म्हणल्या मशीनच्या तोंडाला फेस आणलास की गं. वरून तासाभराचं धुणं दोन तास चालायलंय, मिनिटं कमी व्हायच्या ऐवजी वाढायलीत. पुण्याचा भाचा म्हणतो एचई लिहिलेलाच साबण घे, मशीनच्या पुस्तकातही तसंच काहीतरी आहे, पण गंजगोलाईच्या बाजारात चार दुकानं फिरले, एचई म्हणलं की दुकानदार माझ्याच तोंडाकडं बघतो.

ताई, सासूबाईंना नमस्कार सांगा, त्यांचं निदान बरोबर आहे. आणि दुकानदाराचंही काही चुकलं नाही. एचई म्हणजे हाय एफिशियन्सी, कमी पाण्यात धुणारं मशीन, पण ते चिन्ह मुळात अमेरिकेतल्या डब्यांवरचं. आपल्याकडं ते शोधत बसलात तर पुढची दिवाळी येईल. इथं त्याच प्रकारच्या मालावर ‘फ्रंट लोड’ लिहिलेलं असतं आणि गोल दाराच्या मशीनचं चित्र असतं, तेवढं बघून घ्या. नुसतं ‘मॅटिक’, म्हणजे ऑटोमॅटिक मशीनचा साबण, एवढंच वाचून पिशवीत टाकू नका, वरून झाकण उघडणाऱ्या टॉप लोडचंही मॅटिक असतं, पाकिटं दिसायला जवळपास सारखी असतात आणि गर्दीच्या वेळी दुकानदार हाताला लागेल ते देतो.

आता फेस का झाला ते सांगतो. सेमीत तुम्ही टब भरून पाणी घेत होतात, कपडे त्यात पोहत होते. फ्रंट लोडमध्ये पाणी तळाला असतं, काचेतून दिसतही नाही, ‘मशीन पाणीच घेईना’ म्हणून मला महिन्याला दोन तरी फोन येतात. धुणं आणि खंगाळणं सगळं मिळून सात किलोचं मशीन साधारण ५०-६० लिटरात काम उरकतं, टॉप लोडला त्याच्या दुप्पट किंवा जास्तही लागतं. मग एवढ्याशा पाण्यात कपडे निघतात कसे, तर आपटून. ड्रम कपडे वर नेतो आणि खाली टाकतो, वर नेतो आणि खाली टाकतो. नदीवर बाया धोंड्यावर धुणं आपटायच्या तेच हे, फक्त धोंडा गोल फिरतोय. आता त्या धोंड्यावर कुणी गादी अंथरली तर कपडा कितीही आपटा, मळ हलणार नाही. फेस म्हणजे ती गादी.

हातानं धुवायच्या पावडरीत फेस मुद्दाम ठेवतात, कारण फेस दिसल्याशिवाय आपल्याला साबण लागल्यासारखं वाटतच नाही. फ्रंट लोडच्या साबणात उलट फेस दाबणारं औषध असतं, बहुतेक वेळा सिलिकॉनचं, अगदी थोडं. फेस कमी आला म्हणून तो माल हलका ठरत नाही. मिनिटं वाढतात त्याचंही कारण हेच. मशीनला फेस कळतो, मग ते थांबतं, फेस बसायची वाट बघतं, पुन्हा पाणी घेऊन खंगाळतं, काही मशिनं डिस्प्लेवर एसयूडी नाहीतर एसडी दाखवतात आणि पिळायचं नाव घेत नाहीत. पंपाला पाणी ओढता येतं, फेस ओढता येत नाही, हवाच ती. म्हणजे पाणी वाचवायला घेतलेलं मशीन जास्तीचं पाणी पिऊन बसतं.

आज काय कराल, तर कपडे आत असू द्या, साबण अजिबात न घालता रिन्स आणि स्पिन लावा. एकदा लावून काचेवर फेस दिसला तर अर्धा तास थांबून परत लावा. फेस फारच असेल तर फुलाच्या खुणेच्या कप्प्यात झाकणभर कपडे मऊ करायचा सॉफ्टनर टाका, त्यानं फेस बसतो, पण हा रोजचा उपाय नाही. आणि राहिलेली पावडर टाकून देऊ नका हो, पायपुसणी, गाडी पुसायची फडकी, बादलीत भिजवायचं सगळं त्यात होईल. फक्त त्यात भिजवलेला कपडा चांगला खळबळून मगच मशीनमध्ये.

जालन्याहून एक दादा: माझं उलटं आहे. सगळे म्हणतात फ्रंट लोडला साबण कमी टाका, मी फ्रंट लोडचंच लिक्विड आणतो आणि टोपणाच्या निम्मंच टाकतो. फेस तर नावाला येत नाही. पण बनियन राखाडी पडलेत, टॉवेल पापडासारखा कडक, पाठ पुसायला घेतला की पाठ सोलून निघते. पाणी बोअरचं आहे. मशीन खराब का साबण खराब?

दोन्ही नाहीत दादा, पाणी जड आहे. शाळेत आपल्याला याचं फार सुंदर नाव शिकवलं होतं, दुष्फेन पाणी, ज्याला नीट फेस येत नाही ते. नावातच सगळी गोष्ट आहे आणि पेपर देऊन आपण विसरलो.

आपल्या काळ्या दगडातून झिरपत खाली गेलेलं पाणी सोबत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन वर येतं. साबण पाण्यात पडला की हे दोघं आधी त्याला धरतात, कपड्याच्या मळापर्यंत पोचूच देत नाहीत. तुम्ही निम्मं टोपण टाकलं, त्यातलं निम्मं पाण्यानंच खाल्लं, मळाच्या वाट्याला राहिलं काय? मग मळ पूर्ण सुटत नाही, जो सुटतो तो पाण्यात धरून ठेवायला साबण नाही म्हणून परत कपड्यावरच बसतो, सोबत क्षारही बसतात. ते राखाडी आणि ते पापड दोन्ही त्याचंच. ‘साबण कमी टाका’ हा सल्ला चुकीचा नाही, पण तो ज्यांच्या नळाला मऊ पाणी येतं त्यांचा आहे, आपण तो इथं बोअरवर लावतो.

पाणी किती जड ते घरीच बघा. दोन रिकाम्या बाटल्या घ्या, एकीत बोअरचं पाणी निम्म्यापर्यंत, दुसरीत घरातल्या आरओचं प्यायचं पाणी तेवढंच. दोन्हीत अंगाचा साधा साबण नखाएवढा किसून टाका, झाकण लावून पंधरा-वीस वेळा जोरात हलवा आणि ओट्यावर शेजारी शेजारी ठेवा. आरओच्या बाटलीत वर पांढरा फेस राहील. बोअरच्या बाटलीत फेस लगेच बसला, पाणी ताकासारखं झालं आणि वर फुटलेल्या दुधासारखे कण तरंगायला लागले तर समजून घ्या. हे करताना धुण्याची पावडर टाकू नका, तिला जड पाण्यातही थोडा फेस येतो आणि तुम्ही फसता. आकडाच पाहिजे असेल तर जिल्ह्याच्या गावी भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा असते, तिथं पाणी देऊन ‘कठीणपणा’ विचारा. प्यायच्या पाण्याच्या भारतीय मानकात तो लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरलाय आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलाय. आरओवाल्या पोराकडच्या पेनासारख्या मीटरवर जो आकडा येतो तो टीडीएस, त्यात मिठासकट सगळे क्षार आले, त्यावरून कठीणपणा कळत नाही. तो पोरगा ठामपणे सांगेल की कळतो. सांगू द्या.

आता साबण. तुमच्या पाण्याला मी लिक्विडपेक्षा फ्रंट लोडची पावडर घ्या म्हणेन. पावडरीत धुण्याचा सोडा असतो, चांगल्या पावडरीत झिओलाइटसारखे घटकही असतात, त्यांचं कामच कॅल्शियमला धरून बाजूला बसवणं, म्हणजे साबण मळासाठी मोकळा राहतो. लिक्विडमध्ये हे कमी असतं. पांढऱ्या कपड्यांसाठी पावडरीत ऑक्सिजनचं ब्लीच घालता येतं, लिक्विडमध्ये ते टिकत नाही म्हणून नसतं. पाकिटावर जेवढं लिहिलंय तेवढं पूर्ण घाला आणि त्यावर जड पाण्यासाठी वेगळी ओळ असेल तर तीच आपली. धुणं निम्म्यावर आलं की काचेतून बघा, पातळसा फेस खाली दिसतोय तर बरोबर, अर्धी काच भरली तर पुढच्या वेळी चमचाभर कमी, नुसतं गढूळ पाणी मेल्यासारखं फिरतंय तर थोडा वाढवा. आठवड्यातून एकदा पांढरे आणि टॉवेल ६० अंशावर लावा. पहिल्या धुण्याला फरक दिसणार नाही, चार-पाच वेळा धुतल्यावर बनियन माणसात येतील.

एक सांगायचं राहिलं. याच पाण्यानं हीटरचीही वाट लागते. मागं एका बोअरवाल्या घरी ‘पाणी गरम होईना’ म्हणून मशीन उघडलं, हीटर बाहेर ओढला तर ओढता येईना. बोटाएवढी नळी उसाच्या कांड्याएवढी झाली होती, पांढरा-पिवळा चुना, पकडीनं टिचकी मारली की अंड्याच्या टरफलासारखा खळकन पडला, घरातलं लेकरू म्हणालं काका दात किडलाय मशीनचा. तशी वेळ येऊ नये म्हणून दोन-तीन महिन्यांनी रिकामं मशीन ६० वर चालवा आणि ड्रममध्ये शंभर ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाका, किराणा दुकानात लिंबू सत्व म्हणून मिळतं. त्याच दिवशी त्यात ब्लीचचं पाणी अजिबात घालू नका, क्लोरीन वायू सुटतो आणि छातीत जातो. व्हिनेगर पण लोक ओततात, एखाद्या वेळी काही होत नाही, कायम ओतलं तर दाराचं रबर खराब होतं. नळाला लावायचा गोळ्यांचा छोटा फिल्टर विकतात, तो चुना बसायचा कमी करतो, पाणी मऊ करत नाही. पाणी खरंच मऊ करायचं तर मीठ घालायचा सॉफ्टनर लागतो, तो महाग आहे, भाड्याच्या घरात नका पडू त्यात.

छत्रपती संभाजीनगर, सिडकोतून एक वहिनी: साबण तोच, मशीन तेच, कपडे तेवढेच, तरी एका आठवड्यात फेस मावत नाही आणि पुढच्या आठवड्यात कपडे मळकट निघतात. मिस्टर म्हणतात तू हात आवरून टाकत नाहीस. मी चमच्यानं मोजून टाकते हो!

वहिनी, मिस्टरांना ही ओळ वाचून दाखवा, तुमचा हात बरोबर आहे. तुमच्याकडं नळ कितीतरी दिवसांनी येतो, तोपर्यंत हौद संपला की टँकर मागवता. नळाचं पाणी पैठणच्या नाथसागराचं, धरणाचं, ते त्या मानानं मऊ. टँकर भरतो तो कुठल्या तरी विहिरीवर नाहीतर बोअरवर, ते पाणी जड. म्हणजे चमचा तोच राहिला आणि पाणी बदललं. कंपनीनं पाकिटावर एकच माप छापलंय कारण कंपनीला वाटतं माणसाच्या घरात एकच पाणी येतं, त्यांनी कधी मे महिन्यात मराठवाड्यात धुणं धुतलेलं नाही.

माझ्या घरी मी काय केलंय सांगतो. मोजायच्या टोपणावर नेलपॉलिशनं दोन रेघा मारल्यात, खालची हिरवी नळाची, वरची लाल टँकरची. हौदात दोन्ही मिसळलं की मधोमध. हिरवी रेघ टोपणाच्या निम्म्याच्या थोडी वर आहे, लाल रेघ कंपनीच्या मापाच्याही जराशी वर. तुमच्या रेघा तुमच्या पाण्यावर ठरतील, चार धुणी काचेतून बघा आणि मारा. पावसाळ्यात स्लॅबचं पाणी पिंपात धरत असाल तर ते सगळ्यात मऊ, त्याला हिरव्या रेघेच्याही खाली या, नाहीतर लातूरच्या ताईंसारखं होईल. आणि टँकर नवीन आला की पहिल्या दिवशी गाळ असतो, मशीनच्या मागं पाण्याची नळी जिथं लागते तिथं बारीक जाळी असते, ती काढून टूथब्रशनं धुवा.

लातूरच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते प्यायला, धुण्याला बोअरचं मिळालं तर मिळालं. त्या दिवसात मशिनं कापड टाकून झाकून ठेवलेली मी घराघरात बघितलीत.

परभणीहून एक काका: आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरतो, दिवसाला दोन बादल्या होतात. ते मशीनला वापरलं तर चालेल का? टाकून द्यायला जीव होत नाही.

काका, जीव होत नाही हे बरोबरच आहे, पण मशीनला नको. आरओनं गाळून काढलेले सगळे क्षार त्याच बादलीत असतात, म्हणजे बोअरच्या पाण्यापेक्षाही ते जड. संडासात टाका, ओटा-अंगण धुवा, फरशी पुसा. उलट मशीनमधून बाहेर पडणारं शेवटच्या खंगाळण्याचं पाणी धरा, ते पायपुसण्यांना आणि गाडी धुवायला चांगलं. एसीचं ठिबकणारं पाणी मात्र एकदम मऊ असतं, ते साठलं तर हातानं धुवायच्या नाजूक कपड्यांना वापरा.

तुमच्याकडं परभणीत थंडी कडाक्याची पडते, म्हणून न विचारलेलं एक सांगतो. जानेवारीत टाकीतलं पाणी बर्फासारखं असतं, त्यात पावडर विरघळत नाही, कप्प्यात गोळा होऊन बसते आणि काळ्या पँटवर पांढरे पट्टे येतात. तेवढे दोन महिने लिक्विड वापरा नाहीतर ३०-४० वर लावा. मे महिन्यात हा प्रश्नच नाही, टाकीतलं पाणीच हात पोळेल असं येतं. आणि पांढरे पट्टे पावडरीचे का चुन्याचे हे कळत नसेल तर आधी साध्या पाण्यानं धुऊन बघा. निघून गेलं तर पावडर, नाही गेलं आणि लिंबाच्या थेंबानं गेलं तर चुना.

वसमतहून एक ताई: आमच्याकडं हळदीचं काम असतं. यांचे शर्ट, लुंग्या, सगळं पिवळं. फ्रंट लोडला टाकलं तर पिवळ्याचं लालभडक झालं! मी घाबरले, म्हणलं दुसऱ्या कशाचा रंग लागला. कोणता साबण घेऊ म्हणजे हळद निघेल?

ताई, रंग कशाचाच लागला नाही. हळदीला खार लागला की ती लाल होते, हळदीत चुना मिसळून कुंकू करतात ते विसरलात का? साबण खारा, म्हणून शर्ट लाल. स्वच्छ पाण्यात खंगाळला की परत पिवळा होतो, त्यात लिंबू पिळलं तर लगेच.

आता कोणताही साबण घेतलात, कितीही महाग, तरी शिजवलेल्या हळदीचा डाग तो एकटा काढत नाही. एन्झाइमवाल्या साबणाची जाहिरात बघून घेऊ नका यासाठी, एन्झाइम घामाला, दुधाला, वरणाला, तेलाला कामाचे, हळदीचा रंग त्यांच्या हातचा नाही. हळदीचा वैरी म्हणजे ऊन. शर्ट नेहमीसारखा मशीनला लावा, निघाल्यावर ओला असतानाच कडक उन्हात टाका, डागाची बाजू वर. आपल्याकडं उन्हाला काय तोटा. दोन-तीन उन्हात डाग फिका होतो, मग पुन्हा धुवा. पांढरा सुती असेल तर ऑक्सिजन ब्लीचची पावडर गरम पाण्यात घालून तासभर भिजवा, रंगीत कपड्याला आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून बघा. आणि तव्यावरचं तेल-हळद असा डाग असेल तर भांड्याचं लिक्विड एक थेंब चोळा, तेल सुटतं, पण ते धुऊन टाका मग मशीनला द्या, भांड्याच्या लिक्विडचा एक चमचा ड्रममध्ये गेला तर मशीन फेसानं भरतं.

शेतातल्या काळ्या मातीचंही इथंच सांगून टाकतो, बीड आणि माजलगावहून दोघांनी विचारलंय. माती ओली असताना मशीनला देऊ नका. वाळू द्या, अंगणात झटका, नळाखाली एकदा खळबळा, मग मशीनला. नाहीतर काळी चिकण माती दाराच्या रबराच्या घडीत बसते आणि तुम्हाला वाटतं साबण चांगला नाही.

नांदेडहून एक मावशी: आमच्या भागात एक माणूस स्कूटीवर पाच लिटरचं कॅन घेऊन येतो, निळं लिक्विड, वास छान, बाटलीच्या निम्म्या भावात. आणि सून म्हणते केमिकल नको, रिठा उकळून घालू या. काय घालू?

मावशी, दोन्ही नको, पण कारणं वेगळी. कॅनवाल्याच्या लिक्विडवर ना नाव ना घटक, फ्रंट लोडचं आहे असं तो तोंडानं म्हणतो. बऱ्याचदा ते फेसाळ लिक्विड असतं, वरून घट्ट दिसावं म्हणून मीठ घातलेलं. बादलीत हातानं धुवायला घ्या खुशाल, त्याच्या पोटावर पाय द्यायचा नाही. सूनबाईंचा रिठा चांगला, पण बादलीत. रिठा म्हणजे फेसच, केस धुताना बघितलाच असेल. आणि उकळलेल्या पाण्यातला त्याचा बारीक चोथा पंपाच्या जाळीत अडकतो. घरी अंगाचा साबण किसून लिक्विड करतात तेही जड पाण्यात दह्यासारखं फुटतं आणि ड्रमच्या मागं त्याचा चिकट थर बसतो. मी तो थर खरवडून काढलाय, वास विचारू नका.

वासाचंच विचारलंय धाराशिवच्या एका भावांनी: मशीन नवीन, वर्षही झालं नाही, दार उघडलं की कुबट वास. वासाचा साबण बदलून बघितला, सॉफ्टनर दुप्पट केला, आता कुबट अधिक मोगरा असा वास येतोय.

भाऊ, तुम्हीच हसवलंत. सॉफ्टनर आधी बंद करा, त्याचा मेणासारखा थर बसतो आणि त्यावर बुरशी पोसते. टॉवेलला तर तो घालूच नका, टॉवेल पाणी पुसायचा विसरतो. दाराच्या रबराची खालची घडी बोटानं उघडून बघा, काळं चिकट दिसेल, ओल्या फडक्यानं पुसा. साबणाचा कप्पा पूर्ण ओढून बाहेर काढा, वर जिथं पाणी पडतं तिथंही हात घाला. खाली कोपऱ्यात छोटं झाकण आहे, पंपाची जाळी, ती उघडायच्या आधी खाली ताट ठेवा नाहीतर बायकोचं ऐकावं लागेल, नाणी, केसाच्या पिना, कापसाचं बी सगळं निघतं तिथं. मग रिकामं मशीन ६० च्या वर, ऑक्सिजन ब्लीचवाली धुण्याची पावडर घालून, सॉफ्टनर नाही. आणि धुणं झालं की दार लावायचं नाही, चार बोटं उघडं. घरात लहान लेकरू असेल तर दाराला वरून दोरी बांधा, लेकरं आत शिरतात. तुम्ही कायम गार पाण्यावर झटपट प्रोग्राम लावत असणार, पत्रात लिहिलं नाही तरी मला माहीत आहे, पंधरा मिनिटांच्या धुण्यात साबण ना नीट लागतो ना नीट निघतो. तो लावायचाच असेल तर चार कपडे आणि चमचाभर साबण, बस.

साबण राहतोय का बघायचं तर धुतलेला टॉवेल बादलीभर कोमट पाण्यात बुडवून हातानं खळबळा. पाणी दुधट होऊन फेस आला तर इतके दिवस तुम्ही साबण अंगाला पुसत होतात.

पैठणहून एक ताई, एका ओळीत: आईची जुनी पैठणी आहे, मशीनवर सिल्कचा प्रोग्राम आहे आणि फ्रंट लोडचं भारी लिक्विड आणलंय, टाकू का?

नको ताई. एन्झाइमवालं लिक्विड असलं तर ते घामाचे-दुधाचे डाग जसे खातं तसं रेशीमही खातं, दोन्ही प्रोटीनच, आणि पिळताना जरीची तार मुडपते ते वेगळंच. आईच्या पैठणीला ड्राय क्लीनच. पैठणमध्ये राहून मला विचारताय, शेजारी विणकर असतील, ते ऐकतील तर मारतील आपल्या दोघांना.